जुन्नरच्या दानलेखांवर पीएच.डी., पण विभाग इतिहासाचा: बौद्ध अध्ययन केंद्राकडून नेमकी काय मदत मागता येते?

ओतूरकरीण

नमस्कार मंडळी. जुन्नर तालुक्यातल्या एका कॉलेजात सीएचबीवर (तासांच्या हिशोबाने पगार) इतिहास शिकवते. दोन वर्षांपूर्वी पीएच.डी.ला नाव नोंदवलं. विषय जुन्नरच्या लेण्यांतले दानलेख. कोणी दिलं, काय दिलं, कोणाला दिलं. लेण्याद्री घरातून दिसते, मानमोडीवर लहानपणी शाळेची सहल जायची, त्यामुळे विषय निवडताना फार विचारच केला नाही.

गाइड भला माणूस आहे, पण त्यांचं सगळं काम सातारच्या प्रतिसरकारवर. ते म्हणतात, "लेखांचं तू बघ, पद्धतीचं मी बघतो." मागच्या आरएसीला (संशोधन सल्लागार समितीच्या बैठकीला) बाहेरून आलेल्या बाईंनी एकच प्रश्न विचारला: "हे लेख तुम्ही स्वतः वाचलेत, की कोणीतरी वाचलेले वाचलेत?" मला ब्राह्मी अक्षरं ओळखू येतात, एक कार्यशाळा केली होती. पण पाली-प्राकृत शून्य. मिराशींचं सातवाहन-क्षत्रपांवरचं मराठी पुस्तक पाठ होत आलंय, पण त्यात भर राजघराण्यांच्या लेखांवर. माझे दाते म्हणजे धान्याचे व्यापारी, बांबूकाम करणारे, कुणाची तरी मुलगी, कुणाची बायको.

आमच्या विद्यापीठात बौद्ध अध्ययनाचं वेगळं केंद्र आहे. तिथे "जुन्नरच्या लेखांबाबत मार्गदर्शन करावे ही विनंती" असा ईमेल पाठवला. उत्तर नाही. परत पाठवला, परत नाही. मी त्यांची विद्यार्थिनी नाही, हे मान्य. पण दुसऱ्या विभागाच्या संशोधकाला अशा केंद्राकडून काय मागता येतं, कोणाला भेटायचं, पैसे लागतात का, आणि मुळात जावं का? पुण्याला जायचं म्हणजे दिवस जातो आणि सीएचबीवाल्याचा दिवस म्हणजे पगार.

दगडफोड्या

जाऊ नका. अनुभवाने सांगतो. केंद्र, अध्यासन, संस्था, सगळीकडे उद्घाटनाचे फोटो असतात आणि खुर्चीत माणूस नसतो. गाइड बदला. प्राचीन इतिहासवाला बघा, नाहीतर विषय बदला. प्रतिसरकार वाईट विषय नाही.

कार्डकपाट

ओतूरकरीण, दगडफोड्यांचं ऐकू नका. निदान अर्धंच ऐका. खुर्चीत माणूस नसतो हे खरं, पण तुम्हाला हवा तो माणूस बहुतेक वेळा खुर्चीत नसतोच, तो ग्रंथालयात असतो. मी अशाच एका केंद्राच्या ग्रंथालयात नोकरी काढली आणि तिथूनच निवृत्त झाले. कुठलं ते लिहीत नाही, त्याने काही फरक पडत नाही.

आधी तुमच्या ईमेलबद्दल. "मार्गदर्शन करावे" या ईमेलला उत्तर येत नाही, कारण त्याला उत्तरच नसतं. प्राध्यापक ते वाचतात, मनात म्हणतात "बघू", आणि ते खाली खाली जातं. याउलट कोणी लिहिलं, की "ल्यूडर्सच्या यादीतल्या ११५२ क्रमांकाच्या लेखात धम्मुतरिय या बौद्ध संप्रदायाच्या भिक्षुणींचा उपाश्रय (मठ) नगरात असल्याचा उल्लेख आहे, हा भाग ब्यूलरने आणि त्याच्या आधी इंद्रजींनी कसा वाचलाय ते ताडून पाहायचं आहे, दोन्ही पुस्तकं तुमच्याकडे आहेत का?", तर त्याच दिवशी फोन येतो. आमच्याकडे यायचा. विद्वान माणसाला नेमका प्रश्न दिसला की राहवत नाही. तेव्हा केंद्राकडे विषय घेऊन जाऊ नका, एक लेख घेऊन जा. एका लेखातली एक अडचण.

आता काय मागायचं ते सांगते.

सगळ्यात आधी मागा जुळणीचा तक्ता. जुन्नरवर काम करणाऱ्या प्रत्येकाचा पहिला महिना यातच जातो. भगवानलाल इंद्रजी आणि बर्जेस यांचं लेण्यांतल्या लेखांचं पुस्तक १८८१ चं, त्यात जुन्नरच्या लेखांना एक क्रमांक. १८८३ मध्ये पश्चिम भारताच्या पुरातत्त्व सर्वेक्षणाचा चौथा खंड आला, त्यात ब्यूलरने परत वाचन केलं. १९१२ मध्ये ल्यूडर्सने ब्राह्मी लेखांची यादी केली, एपिग्राफिया इंडिकाच्या दहाव्या खंडाची पुरवणी म्हणून. त्यात जुन्नर ११५० पासून ११८३ पर्यंत. लेण्यांचे क्रमांक आणखी वेगळे, पाटीवर एक आणि पुस्तकात एक. म्हणजे कोणी "लेणे ६ मधील लेख" लिहिलं की विचारायचं, कोणाचं ६? आणि कुठल्या डोंगरावरचं? हा तक्ता करून ठेवलेला जुना संशोधक बहुतेक केंद्रांत एक तरी असतो, आणि त्याने तो छापलेला नसतो. मागितला तर देतो. नाही मिळाला तर स्वतः करा आणि ग्रंथालयाला त्याची एक प्रत द्या. पुढच्या वेळी तुमच्यासाठी कपाट उघडायला वेळ लागणार नाही.

ल्यूडर्सबद्दल एक गोष्ट कोणी सांगत नाही. त्यात लेखाचा मजकूर नसतो. इंग्रजीत सारांश असतो आणि तो लेख आधी कुठे छापला त्याचे संदर्भ असतात. मी असे प्रबंध पाहिलेत ज्यात "ल्यूडर्सच्या वाचनानुसार" लिहिलंय. परीक्षकाने नुसतं पेन्सिलीने प्रश्नचिन्ह काढलेलं असतं. मजकुरासाठी इंद्रजी-बर्जेस, ब्यूलर, आणि केंद्रात असेल तर जपानी विद्वान त्सुकामोतो यांचे खंड. कानजी (जपानी चित्राक्षरं) बघून घाबरू नका. लेखाचं वाचन रोमनमध्ये आहे, फक्त भाषांतर जपानीत आहे. महाग पुस्तक आहे, साध्या कॉलेजच्या ग्रंथालयात नसतं. बौद्ध अध्ययनाच्या केंद्राचा खरा उपयोग अशा वेळी होतो.

दुसरं म्हणजे वाचनमंडळ. बहुतेक केंद्रांत आठवड्यातून एकदा चार माणसं टेबलाभोवती बसून काहीतरी वाचत असतात. जाहिरात नसते, ते कोणाच्या कामाच्या यादीतही नसतं. ग्रंथालयाच्या शिपाईमामांना विचारा, त्यांना वार आणि वेळ माहीत असते, कारण चहा तेच नेतात. आमच्याकडच्या मंडळात एक निवृत्त बँक अधिकारी यायचे. नाशिकच्या उषवदाताच्या (क्षत्रप नहपानाचा जावई) लेखात अडीच तास अडकलो होतो. तुम्हाला माहीत असेलच, तीन हजार कार्षापणं (तेव्हाची नाणी) विणकरांच्या श्रेणींकडे, म्हणजे व्यवसाय-संघांकडे ठेवली, दोन हजार महिना शेकडा एक दराने आणि हजार शेकडा पाऊण दराने, वर्षावासातल्या (पावसाळी मुक्कामातल्या) वीस भिक्षूंच्या चीवरांचा (वस्त्रांचा) आणि किरकोळ खर्च त्या व्याजातून. आम्ही सगळे व्याकरणावर भांडत होतो. हे गृहस्थ म्हणाले, "मुद्दलाला हात लावायचा नाही अशी अट आहे ना? मग ही कायमची एफडी. मला हे सांगा, श्रेणी बुडाली तर जामीन कोण?" त्या एका प्रश्नावर नंतर एका मुलीने आख्खं प्रकरण लिहिलं. तुमच्या जुन्नरच्या लेखांतही श्रेणींकडे ठेवलेल्या ठेवी आहेत, झाडं लावण्यासाठी नेमून दिलेली उत्पन्नं आहेत. ती मंडळात घेऊन जा. प्राकृतचा तज्ज्ञ नसला तरी जा.

पैशांचं विचारलंत. त्याच विद्यापीठाच्या नोंदणीकृत संशोधकाला ग्रंथालयात बसून वाचायला सहसा पैसे पडत नाहीत. झेरॉक्सचे आणि स्कॅनचे पडतात. पुस्तक घरी मिळणार नाही, ते मागूही नका. १८८३ चं पुस्तक घरी मागणारा माणूस आम्हाला लक्षात राहायचा, पण चांगल्या अर्थाने नाही. तसंही इंद्रजी-बर्जेस आणि एपिग्राफिया इंडिकाचे जुने खंड आर्काइव्हच्या साइटवर फुकट आहेत. केंद्रात जाऊन फक्त लेखांचे छापील ठसे बघा. स्कॅनमध्ये ते काळे ढब्बे होतात. दगडावरची रेघ आणि तडा यातला फरक कळायला छापील पानच लागतं, तेही खिडकीपाशी.

कालिना_लोकल

मी मुंबईत पालीमध्ये पीएच.डी. करतोय. कार्डकपाटताईंचं बहुतेक पटतं. पण ओतूरकरीण मॅडम, मूळ दुखणं वेगळं आहे. तुम्हाला भाषा येत नाही. तक्ते आणि वाचनमंडळं नंतर. आधी पालीचा सर्टिफिकेट कोर्स करा. पुण्यात विद्यापीठाच्या पाली विभागात आहे, मुंबईत आहे, नागपुरात आणि संभाजीनगरला पण विभाग आहेत. एक वर्ष लागेल. त्याशिवाय आरएसीच्या बाईंच्या प्रश्नाला खरं उत्तर देता येणार नाही.

आणि एक इशारा. यवन. जुन्नरला तीन दाते स्वतःला यवन म्हणवतात: इरिल, चिट आणि चंद. दोन पाण्याची टाकी, एक भोजनमंडप, एक लेण्याचं दर्शनी काम. तिसऱ्या आरएसीत याच्यावर प्रश्न येणारच. ग्रीक होते, की तसं नाव लावणारे इथलेच? इरिल आणि चिट यांच्या नावापुढे "गतानं" (गत लोकांपैकी) आहे, त्यावरून स्टेन कोनो यांनी १९१२ मध्ये ते युरोपातले गॉथ असावेत इथपर्यंत मजल मारली होती. आज ते कोणी फारसं मान्य करत नाही, पण विचारतात.

ओतूरकरीण

दोघांचेही खूप आभार. ताई, तुमची पोस्ट प्रिंट काढून ठेवली.

कालिना_लोकल सर, पुण्याच्या कोर्सचं मी बघितलं होतं. ओतूरहून आठवड्यातून दोन-तीन संध्याकाळी जमणं शक्य नाही. घरी सासूबाई आजारी आहेत, मुलगी चौथीत आहे. शिवाय माझ्या लेखांची भाषा पाली नाही ना, प्राकृत आहे. मग पाली शिकून त्याचा उपयोग किती? आणि यवनांच्या बाबतीत नेमकं काय वाचू?

ताई, एक लेख घेऊन जा म्हणालात. मी ल्यूडर्स ११८० घेऊ का? धान्याच्या व्यापाऱ्यांच्या श्रेणीने सात खोल्यांचं लेणं आणि टाकं दिलं तो. माझ्या आजोबांचं जुन्नरच्या बाजारात धान्याचं दुकान होतं, म्हणून हा लेख मला आवडतो.

कार्डकपाट

११८० नक्की घ्या. लहान आहे, जवळपास पूर्ण आहे, आणि त्यात शिकायला जे हवं ते सगळं आहे. धञिकसेणिय (धान्यवाल्यांच्या श्रेणीचं), सतगभं (सात खोल्यांचं), पोढि (टाकं), देयधमं (दान).

आता पालीचं. कालिना_लोकल म्हणतात ते चूक नाही, पण एक वर्ष थांबायची गरज नाही. लेख पालीत नाहीत हे तुम्ही बरोबर सांगितलंत, आणि तरी पाली उपयोगी पडते. कारण दगडावर जोडाक्षरातला दुप्पटपणा कोरत नाहीत. पालीतलं देय्यधम्म डोळ्यांना सवयीचं असलं की देयधम दिसताच कळतं. षष्ठीचा स्स तिथे नुसता स होऊन बसतो, अयमस, नहपानस. ही दृष्टी यायला दोन-तीन महिने पुरतात, रोज अर्धा तास. इगतपुरीच्या विपश्यना विशोधन विन्यासाने सगळं त्रिपिटक देवनागरीत काढलंय, त्यांच्या साइटवर फुकट वाचता येतं. व्याकरण कोणतंही साधं मराठी घ्या. आणि केंद्रात गेलात की थेट विचारा, "मला फक्त लेख वाचण्यापुरती पाली शिकवणारं कोणी आहे का?" एखादी सेटनेटवाली मुलगी असतेच, तिला शिकवण्याची हौस असते आणि तिला लेण्यांपर्यंत नेणारं माणूस हवं असतं. तुम्ही जुन्नरच्या, तुमच्याकडे देण्यासारखं काही नाही असं समजू नका. पुण्यातल्या विद्वानांना मानमोडीवर कुठल्या वाटेने चढायचं हे माहीत नसतं.

यवनांच्या बाबतीत कार्ल्याचे लेख आधी वाचा. एपिग्राफिया इंडिकाच्या सातव्या खंडात सेनारने ते छापलेत. तिथे धेनुकाकट या गावचे यवन खांबामागून खांब देतात. त्यावर दामोदर धर्मानंद कोसंबींचा १९५५ चा धेनुकाकटावरचा लेख आहे, मुंबईच्या एशियाटिक सोसायटीच्या नियतकालिकात. वाचाच. मुद्दाम सांगते, कारण तुम्हाला "मी पालीवाली नाही" याचा न्यूनगंड दिसतोय. कोसंबींचे वडील धर्मानंद फर्ग्युसनमध्ये पाली शिकवायचे, पण हे स्वतः गणिताचे प्राध्यापक. डोंगर पायाखाली घालून कार्ल्याला नवे लेख शोधले. तेव्हा सीएचबीवरच्या इतिहासवाल्यांनी तेवढं घाबरायचं कारण नाही.

गॉथ वगैरेवर प्रकरण खर्च करू नका, एक तळटीप पुरे.

आणखी एक, न विचारता. अयमाचा मानमोडीचा लेख, ल्यूडर्स ११७४, त्यात वर्ष ४६ आहे. महाक्षत्रप नहपानाचा अमात्य. हे ४६ कुठल्या संवताचं यावर अजून भांडण आहे. शक धरलं तर इ.स. १२४ येतं, नहपानाची स्वतःची राज्यवर्षं धरली तर सगळंच हलतं. प्रबंधात "इ.स. १२४ मधील" असं ठोकून देऊ नका, "शक संवत मानल्यास" एवढं आधी लिहा. परीक्षक खूश होतात.

दगडफोड्या

ताई, तुम्ही फारच आशावादी आहात. आमच्या विद्यापीठातल्या केंद्रात मी गेलो होतो तेव्हा ग्रंथालयाला कुलूप होतं, किल्ली ज्यांच्याकडे ते नॅकच्या (विद्यापीठांचं मूल्यांकन करणारी संस्था) तयारीत. हे पण लिहा की.

कार्डकपाट

लिहिते. नॅकची समिती यायची असली की महिनाभर कुठेच काही होत नाही. त्या काळात जाऊ नये. परीक्षेच्या काळातही नको. मार्चअखेरीसही नको, कारण तेव्हा आम्ही उरलेलं अनुदान संपवायला पुस्तकांची बिलं करत असतो. जुलै ते सप्टेंबर उत्तम. पाऊस असतो, लेण्यांवर जाता येत नाही, प्राध्यापक मंडळी जागेवर असतात. कुलूप असेल तर मुख्य ग्रंथालयात जा. केंद्राची निम्मी पुस्तकं नोंदवहीत तिथेच असतात, सही करून कोणीतरी केंद्रात नेलेली असतात. कोणी ते तिथेच कळतं.

कालिना_लोकल

ताई, "एक वर्ष थांबायची गरज नाही" हे तुम्ही ग्रंथपाल म्हणून म्हणताय. आमच्याकडच्या व्हायवात परीक्षकाने फळ्यावर लेख लिहून वाचायला लावलाय.

कार्डकपाट

चांगलं केलं. म्हणूनच एकच लेख आधी पूर्ण स्वतःचा करा म्हणते. ११८० ची प्रत हाताने काढा, तिन्ही वाचनं शेजारी शेजारी लिहा, जिथे फरक आहे तिथे लाल पेन, मग डोंगरावर जाऊन दगडावर बघा. सकाळी लवकर किंवा उन्हं उतरताना, तेव्हा उजेड आडवा पडतो आणि अक्षरं उठून दिसतात. टॉर्च न्या, बाजूने धरा, समोरून नाही. खडू, पीठ, पाणी काही लावायचं नाही. संरक्षित स्मारक आहे, ठसा काढायलासुद्धा पुरातत्त्व खात्याची परवानगी लागते. आधी काढलेले ठसे त्यांच्या म्हैसूरच्या पुराभिलेख शाखेत असतात. तिथे पत्र पाठवायचं असेल तर केंद्राच्या लेटरहेडवर पाठवा. हेही केंद्राकडून मागता येतं आणि त्याला त्यांचा एक पैसा खर्च होत नाही.

ओतूरकरीण

ताई, केंद्राला नवा ईमेल लिहिला. जशाचा तसा देते:

"महोदय/महोदया, मी इतिहास विभागाची संशोधक विद्यार्थिनी. जुन्नर येथील ल्यूडर्स ११८० या लेखाच्या वाचनातील फरक ताडून पाहण्यासाठी पश्चिम भारत पुरातत्त्व सर्वेक्षणाचा चौथा खंड व त्सुकामोतो यांचा पहिला खंड आपल्या ग्रंथालयात बसून पाहता येईल का? तसेच आपल्याकडे प्राकृत लेखांचे वाचनमंडळ चालत असल्यास त्याचा वार कळवावा."

ठीक आहे का? आणि शनिवारी चालतं का ग्रंथालय? इतर दिवशी माझे तास असतात.

कार्डकपाट

ठीक आहे. "महोदय/महोदया" काढा आणि ग्रंथपालांना वेगळा पाठवा, केंद्रप्रमुखांना प्रत. शनिवारचं प्रत्येक ठिकाणी वेगळं असतं, बऱ्याच ठिकाणी अर्धा दिवस, दुसरा आणि चौथा बंद. आधी फोन करा, दुपारी जेवणाच्या सुट्टीत नको. गाइडच्या पत्रावर सहीबरोबर विभागाचा शिक्काही घ्या, नाहीतर दारावरून परत पाठवतात. पेन्सिल न्या, जुन्या पुस्तकांजवळ पेन चालत नाही.